फिरून त्याच जागीं

ज्या मासिकांत काव्य, नाटक व कादंबरी यांचीं परीक्षणें यावयाचीं, त्यांत पदार्थविज्ञानांतील एका विचाराचें परीक्षण कां यावें, असा प्रश्न कोणा वाचकाच्या मनांत आल्यास तो वाजवीच म्हटला पाहिजे. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, शास्त्रीय विचार हीहि मनुष्याच्या बुद्धीचीच निर्मिति आहे. आणि ती खरी कीं खोटी एवढें पाहून भागत नाहीं. ती किती नेटकी आहे, तिनें काय पाहिलें व काय पाहावयाचें सोडलें, तिला दिलेलें नांव तिला शोभतें कीं नाहीं, आणि तिच्या आधारें इतरांनीं जे निष्कर्ष काढले ते काढण्याचा त्यांना अधिकार होता काय, हेंहि पाहावें लागतें. हें काम टीकाकाराचें आहे, प्रयोगशाळेचें नव्हे.

प्रस्तुत विचार आहे तो पुनःपुन्हां मागें-पुढें हालविलेल्या असंख्य कणांच्या गतीविषयींचा. असा समुदाय एक हेलकावा पुरा झाल्यावर पूर्वीच्याच स्थितीवर येतो कीं नाहीं, येत असल्यास केव्हां, आणि येत नसल्यास कां, हा त्याचा प्रश्न. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु 'गेलेलें परत येतें काय' या जुन्या प्रश्नाचा हा धाकटा भाऊ असून, थोरल्याहून याचें उत्तर देणें पुष्कळ सोपें आहे. म्हणून तो आधीं विचारणें बरें.

न्यूटनच्या नियमांत काळाला दिशा नाहीं, ही गोष्ट इंटरच्या वर्गांतील विद्यार्थ्यालाहि ठाऊक असते. दोन गोट्यांच्या टकरीचा चित्रपट उलटा फिरविला तरी त्यांत नियमाविरुद्ध असें कांहीं दिसत नाहीं. असें असतां अत्तराचा वास खोलीभर पसरतो आणि पुन्हां कुपींत जाऊन बसत नाहीं, हें कसें? १८७२ सालीं बोल्ट्झमन यानें रेणूंच्या टकरींवरून या एकमार्गी प्रवासाचा हिशेब मांडला. १८७६ सालीं लोश्मिट यानें त्यावर असा आक्षेप घेतला कीं, सर्व रेणूंचे वेग एकाच क्षणीं उलटे केले तर तेच नियम अत्तराला कुपींत परत आणतील. मग एकमार्गीपणा आला कोठून? पुढें १८९० सालीं प्वांकारे यानें असें सिद्ध केलें कीं, बंदिस्त व शक्तीचा व्यय न होणारा यांत्रिक समुदाय पुरेसा काळ लोटल्यावर आपल्या आरंभस्थितीच्या हवा तितका जवळ येतोच. आणि १८९६ सालीं झर्मेलो यानें तेंच शस्त्र बोल्ट्झमनवर उगारलें. बोल्ट्झमनचें म्हणणें असें कीं, ही परत इतक्या प्रचंड काळानें व्हावयाची कीं तिची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. वाद मोठ्या तोलाचा होता. पण रेणूंचे वेग उलटे करण्याची सोय कोणापाशींच नसल्यामुळें तो कागदावरच राहिला.

आश्चर्य असें कीं, ज्या ठिकाणीं मनुष्य स्वतःच्या हातानें गति उलटी करूं शकतो असें एक ठिकाण स्वयंपाकघराइतकें जवळ आहे. मध, काकवी, ग्लिसरीन यांसारख्या दाट द्रवांत संथ हालचाल केली असतां द्रवाच्या अंगीं गतीची म्हणून सवय राहत नाहीं; हात थांबला कीं तोहि थांबतो, आणि हात किती जोरानें फिरला यापेक्षां तो किती फिरला एवढ्यावरच सर्व अवलंबून असतें. प्रख्यात इंग्रज शास्त्रज्ञ टेलर यानें एका शैक्षणिक चित्रपटांत याचा जो प्रयोग दाखविला तो पाहण्यासारखा आहे. एकांत एक बसविलेल्या दोन नळकांड्यांच्या मधल्या फटींत ग्लिसरीन भरून त्यांत रंगाचा थेंब सोडतात. आंतील नळकांडें कांहीं फेरे सावकाश फिरविलें कीं थेंब ताणला जाऊन पार दिसेनासा होतो. तितकेच फेरे उलट दिले कीं तोच थेंब, थोडा धूसर होऊन कां होईना, पुन्हां जमतो. आम्हीं हा प्रयोग दोन कांचपात्रें घेऊन वर्गांत अनेकदां केला आहे. थेंब परत जमतांना पाहून मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो आमच्या कोणत्याहि व्याख्यानानें कधीं निघालेला नाहीं.

आतां या द्रवांत रंगाऐवजीं बारीक, द्रवाच्याच घनतेचे, म्हणून न बुडणारे व न तरंगणारे असे पुष्कळसे गोल कण घातले तर काय होईल? २००५ सालीं पाईन, गोलब, ब्रॅडी व लेशान्स्की या चौघांनीं 'नेचर' पत्रांत या प्रश्नाचें उत्तर प्रसिद्ध केलें. त्यांची युक्ति अशी कीं, नळकांडें मागें-पुढें हालवीत राहावयाचें, आणि प्रत्येक हेलकावा संपतांच, मध्यें केव्हांहि नव्हे, कणांचें चित्र घ्यावयाचें. हेलकावा लहान असला तर सर्व कण चित्रांत जेथल्या तेथें सांपडतात. तो एका ठराविक मर्यादेबाहेर गेला कीं प्रत्येक हेलकाव्यागणिक कण थोडथोडे सरकूं लागतात, आणि दारुड्याच्या पावलांप्रमाणें मूळ ठिकाणापासून दूर भरकटतात. ही मर्यादा कणांच्या गर्दीवर अवलंबून आहे; गर्दी जितकी दाट, तितकी ती अलीकडे येते. हात तोच, द्रव तोच, नियमहि उलटे चालणारेच. तरीहि एका उंबरठ्याच्या अलीकडे परत आहे, पलीकडे नाहीं.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. हा लेख आम्हीं त्या वेळीं वाचला, त्यावर व्याख्यानें दिलीं, आणि विद्यार्थ्यांस असें शिकविलें कीं, लहान हेलकावा निसर्गतःच परत येणारा असतो आणि मोठा निसर्गतःच न येणारा. हें शिकवणें सोपें होतें, नीतिपाठालाहि सोईचें होतें. मर्यादेंत राहाल तर घरीं याल, असा त्याचा सूर निघे. आमची चूक तीन वर्षांनीं कळली. २००८ सालीं कॉर्ते, चेकिन, गोलब व पाईन यांनीं 'नेचर फिजिक्स' मध्यें दुसरा लेख प्रसिद्ध केला, आणि त्यांत सर्व प्रकरणाला निराळेंच वळण लागलें. उंबरठ्याच्या अलीकडेहि आरंभीं कण परत येत नाहींत! पहिल्या कित्येक हेलकाव्यांत ते सरकत असतात, एकमेकांस ढकलीत असतात. मात्र त्यांचें सरकणें हळूहळू कमी होत जातें, आणि शेवटीं ते अशा रचनेंत येऊन पोंचतात कीं, त्या रचनेंत तेवढा हेलकावा कोणाचाहि कोणाला धक्का न लागतां पुरा होतो. तेथून पुढें मात्र प्रत्येक कण प्रत्येक वेळीं घरीं येतो. म्हणजे परतण्याचा गुण जन्मजात नव्हे, मिळविलेला आहे.

हें घडतें कसें हें दाखविण्यासाठीं त्यांनीं जो नमुना मांडला तो इतका साधा आहे कीं, वाचकांस तो कागदावर करून पाहतां येईल. कागदावर कांहीं ठिपके मांडा. कागद तिरका ताणला असतां कोणते ठिपके एकमेकांवर आदळतील तें पाहा. जे आदळतील त्यांना वाटेल त्या दिशेस थोडें सरकवा. जे आदळणार नाहींत त्यांना हात लावूं नका. पुन्हां ताणा, पुन्हां सरकवा. यांत कोणी मार्गदर्शक नाहीं, कोणाला चांगली जागा कोणती हें ठाऊक नाहीं. सरकणेंहि आंधळें आहे. तरीहि ताण बेताचा असला तर एक वेळ अशी येते कीं, सरकविण्यास कोणी उरतच नाहीं. ज्याचें भांडण संपलें तो जागचा हालत नाहीं, आणि ज्याचें संपलें नाहीं तो हालत राहतो. एवढ्या एका नियमानें शांतता निर्माण होते. उंबरठ्याच्या जवळ जावें तसतसा या शांततेस लागणारा काळ बेसुमार वाढत जातो. आणि उंबरठा ओलांडल्यावर एकाचें भांडण मिटतें तोंच दुसऱ्याचें उपस्थित होतें, तें कधींच संपत नाहीं.

टीकाकाराच्या दृष्टीनें या दुसऱ्या लेखाची योग्यता पहिल्याहून अधिक आहे. पहिल्या लेखानें कण न परतण्याचें खापर सूक्ष्म फरक झपाट्यानें वाढविणाऱ्या गोंधळावर फोडलें होतें, व तो शब्द मथळ्यांतच घातला होता. दुसऱ्याला त्या गोंधळाची गरजच भासत नाहीं. नुसती टक्कर आणि टकरीनंतरचें आंधळें सरकणें एवढ्यावर त्याचें काम भागतें. थोड्या सामग्रींत अधिक साधणें हा गुण काव्यांत वाखाणला जातो, तसा तो येथेंहि वाखाणला पाहिजे. आणि ज्यांनीं पहिला लेख लिहिला त्यांच्यापैकींच दोघांनीं तीन वर्षांनीं त्याचें वळण बदलावें, याचेंहि आम्हांस कौतुक वाटतें. आपल्याकडे एकदां मांडलेलें मत पिढीजात वतनासारखें सांभाळण्याची जी रीत आहे, तिच्यापुढें हें उदाहरण ठेवण्याजोगें आहे.

या विचाराचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचतो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. वाळूच्या ढिगावर एकेक कण टाकीत गेल्यास ढीग आपोआप कोसळण्याच्या काठावर येऊन राहतो, असा एक गणिती नमुना १९८७ सालीं बाक, तांग व वीझेनफेल्ड यांनीं मांडला होता. १९९० सालीं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील दीपक धर यांनीं त्याचें गणित सोडवून दाखविलें, आणि कोसळण्याचा क्रम कोणताहि घेतला तरी अखेरचा ढीग तोच येतो हें सिद्ध केलें. (याच धर यांस २०२२ सालीं बोल्ट्झमनच्या नांवाचें पदक मिळालें; तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.) १९९१ सालीं मन्ना यांनीं याच ढिगाचा एक निराळा प्रकार मांडला, ज्यांत कोसळणारा कण कोणत्या बाजूस जाईल हें नशिबावर सोडलेलें असतें. हेलकाव्यांतील कण आणि मन्नांच्या ढिगांतील कण यांचें नातें उघड आहे. दोहोंतहि कणांची संख्या कायम राहते, आणि दोहोंतहि चळवळ ही शेजाऱ्यांच्या अडचणींतून उत्पन्न होते. २००९ सालीं गौतम मेनन व श्रीराम रामस्वामी यांनीं असेंच प्रतिपादन केलें कीं, या द्रवांतील उंबरठा त्याच कुळांतला आहे. ढीग व द्रव ह्या दोन वस्तु डोळ्यांना कितीहि निराळ्या दिसल्या तरी त्यांचें व्याकरण एक आहे, असा याचा अर्थ.

याहून मनाला भिडणारी गोष्ट स्मरणाची. ज्या रचनेंत कण शांत झाले ती रचना ठराविक हेलकाव्यापुरतीच शांत असते. म्हणून मागाहून लहानापासून मोठ्यापर्यंत हेलकावे देत गेल्यास, ज्या मापाची पूर्वीं सवय झाली तें माप ओलांडतांच कण एकदम चळूं लागतात. म्हणजे द्रवाला पूर्वीं किती हालविलें होतें हें त्याच्याचकडून वदवून घेतां येतें. कीम व नागेल यांनीं २०११ सालीं हें गणितानें दाखविलें, आणि पॉलसन यांच्यासह २०१४ सालीं प्रयोगानें. द्रवाला दोन-तीन मापांची सवय लावली तर आरंभीं तीं सर्व त्याच्या ध्यानांत असतात; परंतु सराव फार झाला कीं सर्वांत मोठें तेवढें राहतें, बाकीचीं पुसलीं जातात. आणि नवल असें कीं, कणांना थोडी अडखळण, थोडा बाहेरचा त्रास चालूं ठेवला तर हें पुसलें जाणें टळतें व सर्व मापें टिकून राहतात. अति नीट बसलेली घडी विसरते, आणि किंचित् विस्कटलेली लक्षांत ठेवते. या एका निष्कर्षावर शिक्षणशास्त्र्यांनीं व्याख्यानें झोडण्यापूर्वींच आम्ही सांगून ठेवतों कीं, हा निष्कर्ष कणांपुरता आहे.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष नांवाचा. 'रिव्हर्सिबल' हा शब्द उष्णताशास्त्रांत फार दिवसांपासून रूढ आहे, आणि तेथें त्याचा अर्थ कडक आहे: ज्या क्रियेंत मागें कांहींच खर्चीं पडत नाहीं ती. प्रस्तुत प्रयोगांतील परत त्या अर्थाची नाहीं. दाट द्रवांत नळकांडें फिरविण्यास श्रम पडतात, आणि ते सर्व उष्णता होऊन जातात. कण घरीं आले तरी ती उष्णता कोणी परत आणीत नाहीं. किंबहुना हा व्यय होतो म्हणूनच कणांना शांत रचना सांपडते. प्वांकारेची परत निराळी आणि ही निराळी. ती व्यय नसल्यामुळें होणारी, ही व्यय असल्यामुळें होणारी. या दोहोंची गल्लत चांगल्या चांगल्या लेखकांनीं केलेली आम्हीं पाहिली आहे. जागा परत मिळते, खर्च परत मिळत नाहीं. हें वाक्य या विषयावरील प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभीं सांगावें, असें आम्हांस वाटतें.

दुसरा दोष पाहण्याच्या रीतीचा. हेलकावा संपला कीं चित्र घ्यावयाचें, ही युक्ति जितकी चतुर तितकीच एकांगी आहे. दोन चित्रांच्या मध्यें काय झालें तें तींत दिसत नाहीं. या बाबतींत पुढील लेखकांनीं चांगली दुरुस्ती केली. २०१३ सालीं श्रेक व त्यांचे सहकारी यांनीं परतीचे दोन प्रकार केले: गेल्या वाटेनेंच पावलोपावलीं मागें येणें हा एक, आणि निराळ्या वाटेनें वळसा घालून त्याच जागीं येणें हा दुसरा. पहिल्यांत मध्यें कोणाशीं गांठ पडत नाहीं; दुसऱ्यांत टकरी होतात, पण त्यांची बेरीज अशी होते कीं शेवटीं जागा तीच. त्याच वर्षीं रेगेव्ह, लुकमन व रायकार्ट यांनीं दाखविलें कीं, कांचेसारख्या विस्कळित घन पदार्थांत कण एका हेलकाव्यानें परत न येतां कित्येक हेलकाव्यांनीं परत येतात. दर वर्षीं पाहणारा म्हणेल हा भटकला. बारा वर्षांनीं पाहणारा म्हणेल हा सिंहस्थासारखा नेमका आला. कोणी कितीदां पाहिलें यावर निकाल बदलतो.

तिसरा दोष विस्ताराचा. २०२३ सालीं रायकार्ट प्रभृति लेखकांनीं या सर्व संशोधनाचा जो मोठा आढावा घेतला, त्यांत द्रवांतील कणांपासून अतिवाहकांतील चुंबकीय भोंवऱ्यांपर्यंत आणि तेथून पुंजयांत्रिकीपर्यंत एकच दृष्टि फिरविली आहे. आढावा विद्वत्तापूर्ण आहे, आणि भोंवऱ्यांसारख्या ठिकाणीं त्याला प्रयोगाचा आधारहि आहे. पण एक दृष्टि इतक्या दूरवर लागूं पडते असें दिसूं लागलें, कीं वाचणारा ती त्याच्याहि पलीकडे, माणसांच्या व्यवहारापर्यंत, नेल्यावांचून राहत नाहीं. हा मोह आम्हांसहि झाला. आणि त्याची हकीकत सांगितल्यावांचून हें परीक्षण प्रामाणिक होणार नाहीं.

आमचें गांव धसई, ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलुखांत. पीक मुख्यतः भाताचें, तेंहि पावसाच्या पाण्यावरचें. श्रावणाच्या सुमारास गरिबांच्या घरांतलें धान्य संपे, आणि ठाकर व कातकरी कुटुंबें खावटीसाठीं भात मागावयास आमच्या आजोबांच्या ओटीवर येत. भात पायलीनें मोजून देत व सुगी झाल्यावर दिढीनें परत घेत. म्हणजे दोन पायलींच्या तीन. इतपत सर्वांना ठाऊक होतें, व वहींत लिहिलेलें होतें. वहींत न लिहिलेलें तें असें. देतांना कणगींतील भात वरून सैल ओतीत, आणि भरलेली पायली न हालवितां अलगद उचलीत. घेतांना पायली अर्धी भरली कीं ती सारवलेल्या जमिनीवर दोन वेळां आपटीत. भात खालीं बसे, मग आणखी भरीत, पुन्हां आपटीत, आणि वर शीग चढवीत. लहानपणीं आम्ही पायऱ्यांवर बसून त्या आपटण्याचा आवाज ऐकत असूं. त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणी म्हणाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. माप तेंच होतें.

पुढें पुष्कळ वर्षांनीं शिकागो विश्वविद्यालयांतील नागेल, येगर व त्यांचे सहकारी यांचे १९९५ व १९९८ सालचे लेख वाचण्यांत आले. त्यांनीं उंच नळींत कांचेचे मणी सैल भरून नळीला हजारों ठोके दिले. मणी बसत जातात, पण फार सावकाश. पहिल्या शंभर ठोक्यांत जेवढे बसतील तेवढेच पुन्हां बसण्यास पुढें हजारों लागावे, अशी कांहींशी त्यांची चाल असते. नंतर ठोक्याचा जोर प्रथम वाढवीत व मग कमी करीत नेला असतां दोन वाटा दिसल्या. पहिली वाट एकदांच चालतां येते. सैल स्थितींतून निघालेला ढीग तिच्यावरून जातो आणि तिच्यावर परत फिरत नाहीं. ती संपल्यावर जी दुसरी वाट लागते तिच्यावरून मात्र जोर कमी-अधिक करून हवें तितकें जावें, यावें. सैल स्थिति पुन्हां हवी असेल तर ठोके देऊन ती मिळत नाहीं; नळी रिकामी करून मणी नव्यानें ओतावे लागतात. हें वाचतांना आम्हांस ओटीवरचा तो आवाज ऐकूं आला. वहींतील 'पायली' हा शब्द हेलकाव्याच्या शेवटीं घेतलेलें चित्र होता. भांडें तेंच, आंकडा बरोबर, दिढीचा हिशेब चोख. आणि भात मात्र सैलाच्या भावानें गेलें व दाबलेल्याच्या भावानें आलें. दर वर्षीं जो फरक पडे तो कोठेंच लिहिला जात नसे, म्हणून दर वर्षीं सर्व कांहीं पूर्ववत् झाल्यासारखें दिसे.

येथवर उपमा आमची बुद्धि उघडते. यापुढें एक पाऊल टाकलें कीं ती दगा देते. कारण कोणी असें म्हणेल, किंबहुना आमच्याच मनानें एकदां असें म्हटलें कीं, ठोक्यानें धान्य बसतें हा सृष्टीचा नियम आहे, त्याला आजोबांनीं काय करावें? हा युक्तिवाद लबाडीचा आहे. नळीला ठोका देणारा हात नळीबाहेरचा असतो, आणि कोणत्या वेळीं द्यावा हें तोच ठरवितो. धान्य बसणें हा नियम. देतांना न आपटणें आणि घेतांना आपटणें हा निर्णय. कणांच्या शास्त्रांत या दुसऱ्या गोष्टीला जागा नाहीं, आणि ती नाहीं म्हणूनच तें शास्त्र इतकें स्वच्छ आहे.

आमच्या ओटीवरचा तो व्यवहार केव्हांच बंद पडला. परंतु मुरबाड-शहापुराकडील कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परत येतात, हा हेलकावा अद्यापि थांबलेला नाहीं. आषाढांत शिरगणती करणाराला तींच घरें, तींच माणसें दिसतील, व तो 'स्थलांतर तात्पुरतें' असा शेरा मारील. शेरा त्याच्या चित्रापुरता खोटा नाहीं. मधल्या महिन्यांत मुलांची शाळा बुडाली, आणि उचल पुरी न फिटतां पुढील वर्षाच्या खात्यावर चढली, तर तें त्या चित्रांत येत नाहीं, इतकेंच.

उलट बाजूचाहि एक मासला देतों. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं नोटबंदी जाहीर झाली, आणि १ डिसेंबरला आमच्या धसईचें नांव राज्यांतील पहिलें रोखविरहित गांव म्हणून देशभर गाजलें. पुढें वर्षभरांतच तेथील बाजार बहुतांशीं रोखीवर परतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. तेव्हां आमच्या एका स्नेह्यांनीं मोठ्या हौसेनें लिहून कळविलें कीं, पाहा, तुमचें गांव उंबरठ्याच्या अलीकडे आहे. येरे माझ्या मागल्या! आम्हीं उत्तरीं लिहिलें कीं, एक धक्का म्हणजे हेलकावा नव्हे. वारंवार व सारखा दिलेला धक्का असेल तरच या शास्त्राला तोंड उघडतां येतें. शिवाय बाजारांतील मनुष्य पुढचा विचार करून आज वागतो. ठिपका तसें करीत नाहीं. ज्या उपमेंत दोन्ही बाजू इतक्या विजोड आहेत ती विनोदाला ठीक, पुराव्याला नव्हे.

एवंच आमचा अभिप्राय असा. २००८ चा लेख हा गेल्या पंचवीस वर्षांतील अत्यंत सुबक विचारांपैकीं एक आहे. परतणें हा मिळविलेला गुण आहे व तो कोणाच्या आज्ञेवांचून मिळूं शकतो, ही त्याची शिकवण टिकून राहील. त्याच्या नांवानें मात्र घोटाळा केला आहे, आणि मराठींत तरी तो टाळतां यावा. पाठ्यपुस्तकांतून या शब्दाला जे निरनिराळे संस्कृत प्रतिशब्द योजले जातात ते सर्व उष्णताशास्त्राचा कडक अर्थ पाठीवर घेऊन येतात. त्यापेक्षां 'परतीची गति' व 'बिनपरतीची गति' असे साधे शब्द घ्यावे. परतीला खर्च असतो हें प्रवास केलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, त्यामुळें त्या शब्दांत फसवणूक नाहीं.

आणि ज्या शिक्षकबंधूंस ग्लिसरीनचा प्रयोग करावयाचा असेल त्यांस एक सूचना. नळकांडें फिरविण्याचें काम स्वतः न करतां एखाद्या विद्यार्थ्यास द्या, आणि तें चांगलें दाट द्रवांत, पुष्कळ फेरे फिरवूं द्या. थेंब परत जमला, वर्गानें टाळ्या वाजविल्या, म्हणजे मग त्या मुलाला सर्वांसमक्ष विचारा कीं, हात दुखला काय. त्याचें उत्तर फळ्यावर थेंबाच्या चित्राशेजारीं लिहून ठेवा.